येते म्हणून गेलेली बाई

विमलाबाईंच्या घशातली नळी नेमकी कधी काढली, बुधवारी की गुरुवारी, हे भिकन गांगुर्डे सरांना खात्रीनं सांगता येत नसे. जन्मभर कॉलेजात पाली शिकवलेला माणूस, पण बायकोच्या आजारपणातले दिवस एकमेकांत मिसळून गेले होते. त्या बुधवारचं बाकी सगळं मात्र त्यांना लख्ख आठवे. निदान तसं त्यांना वाटे.

न्यूमोनियानं विमलाबाई नाशिकरोडच्या एका लहानशा दवाखान्यात होत्या. श्वासाचं यंत्र लावलं होतं. सुईसाठी जागा हवी म्हणून त्या सकाळी सिस्टरनं मनगटावरचा परित्राणाचा, भंतेजींनी रक्षणासाठी बांधलेला पांढरा दोरा कापून सरांच्या हातात दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला. दोऱ्यानं काय होतं, असं ते स्वतःच वर्गात म्हणत आले होते. तरी त्या दिवशी त्यांचा हात सारखा खिशाकडे जात होता.

वर्षावास, पावसाळ्यातल्या प्रवचनांचा काळ, चालू होता. कॉलनीतल्या विहारात दुपारी बोलायचं सरांनी आधीच कबूल केलं होतं. नाही म्हणायलाही जोर लागतो, तेवढा अंगात उरला नव्हता. दवाखान्यात जायच्या वाटेवर ते विहारात शिरले. विषय होता, लंकेत पहिली माणसं कशी गेली.

सरांनी जुनी कथा सांगितली. आपल्या बाजूची माणसं होड्यांतून त्या बेटावर उतरली. तिथं झाडाखाली एक यक्षिणी सूत कातत बसली होती. माणसांच्या मनगटांवर मंतरलेला दोरा होता, म्हणून तिला त्यांना खाता आलं नाही. मग ती त्यांच्या पुढाऱ्याचीच बायको झाली. आपल्याच लोकांना दगा देऊन तिनं त्याला राज्य मिळवून दिलं. दोन मुलं झाली. पुढं त्याला समुद्रापलीकडून राजकन्या सांगून आली, तेव्हा तो हिला म्हणाला, जा.

"नुसतं जा?" पुढं बसलेल्या चांगुणाबाई म्हणाल्या. "आमच्या यांनी म्हणून बघावं!"

बाया हसल्या. सरही थकल्यासारखे हसले.

"ती परत आपल्या लोकांत गेली आणि त्यांनी तिला मारलं. तिथून पुढं तिचा उल्लेख नाही."

"मेली, असं लिहिलं कुणी?"

आवाज मागून आला. खांबाशी एक बाई बसली होती. लुगडं मातकट, केस ओले. बाहेर तर कोरडं ऊन होतं.

"कुणी म्हणजे… तिकडच्याच लोकांनी, बाई. नंतर आलेल्यांनी."

"म्हणजे ज्यांनी हाकललं, त्यांनीच."

चहा आला, बाया उठल्या. सर दाराशी चपला शोधत होते, तेव्हा ती बाई जवळून गेली.

"येते," ती म्हणाली.

जाणाऱ्याला आपल्याकडे कुणी जा म्हणत नाही. वाकलेल्या सरांच्या तोंडून सवयीनंच गेलं, "या."

दवाखान्यात पोचेपर्यंत पाच वाजून गेले. विमलाबाईंची खोली जिन्याच्या टोकाला. दुसरी खाट रिकामी होती. सरांनी दार लोटलं. खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढलेला होता. डॉक्टर तपासत असतील, म्हणून ते पडद्याबाहेरच उभे राहिले.

आधी वास आला. औषधांचा नव्हता तो. खारा, ओला, लाटा मागे सरल्यावर किनाऱ्याला येतो तसा. नाशकात कुठला आलाय समुद्र?

मग आवाज. यंत्राच्या उसाशाखाली आणखी एक आवाज होता, बारीक, फिरता… थांबे, पुन्हा फिरे. सरांच्या आईकडे टकळी होती. सूत कातताना टकळीचा असाच आवाज यायचा.

पडद्याखाली दोन पावलं दिसली. त्यांना ओली वाळू लागली होती.

"कोण आहे?"

टकळी थांबली.

"हिच्या हाताला दोरा नाही, सर."

सरांनी खिसा मुठीत धरला.

"तुम्ही… इथं कशाला आलात?"

"तुम्हीच या म्हणालात."

तिच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता, सरांच्या थकव्याहून कितीतरी जुना. त्यांना तिची कीव आली, आणि त्याच क्षणी विमलाबाईंचा खाटेवरून पडद्याखाली लोंबलेला मोकळा हात दिसला. त्यांनी जन्मात कुणाला म्हटला नव्हता तो शब्द म्हटला.

"जा."

खुर्ची सरकली.

"तोसुद्धा असंच हळू म्हणाला होता." मग, "येते."

सरांनी ओठ दातांखाली घट्ट धरले. रक्ताची चव आली, पण शब्द बाहेर पडू दिला नाही.

आणि पडद्याआडून विमलाबाईंचा आवाज आला. खोल गेलेला, पण घरातल्यासारखा अगत्याचा.

"या हं, बाई… जेवायलाच या."

पावलं दिसेनाशी झाली. पडदा हलला नाही. तो सरकवायचं धैर्य सरांना झालं नाही. सिस्टर नसीम आत आली आणि म्हणाली, "काका, वेळ संपली. उद्या या." सरांनी तिच्या हातावर तो कापलेला दोरा ठेवला.

"हिच्या दुसऱ्या हाताला बांधशील का, बेटा?"

"बांधते ना."

दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा नळी नव्हती. विमलाबाई उशीला टेकून पेज घेत होत्या. पुढं त्या बऱ्या झाल्या, घरी आल्या. त्या बुधवारच्या संध्याकाळचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. फक्त रोज एक भाकरी जास्त करू लागल्या. सर विचारत, कुणासाठी? त्या म्हणत, "असू दे. कुणी आलंच तर."

सरांनी मनाची समजूत घातली होती. घशात नळी असताना माणसाला बोलता येत नाही, तेव्हा ती बुधवारीच दुपारी निघाली असेल. ग्लानीत बोलली असेल, आणि समोर बसली असेल कुणी शेजारीण.

काही वर्षांनी देवळाली कॅम्पच्या बाजारात नसीम भेटली. कडेवर मूल होतं. काकू कशा आहेत, विचारलं. सरांनी सहज विचारावं तसं नळीचं विचारलं.

"गुरुवारी सकाळी, काका. डॉक्टरांसोबत मीच होते, माझी पहिलीच वेळ, विसरेन कशी?" ती हसली. "नळी निघाल्या निघाल्या काकू काय बोलल्या माहितीये? पाणीसुद्धा नाही मागितलं. म्हणाल्या, त्या बाई आल्या का जेवायला?"