दुसऱ्या कमानीअलीकडचा थांबा

वेगनिरीक्षण केंद्राच्या भिंतीभर पसरलेल्या पडद्यावर महामार्गाचा नकाशा होता. संध्याकाळी शहरातून घरी परतणाऱ्या गाड्यांचे ठिपके दुसऱ्या कमानीअलीकडे येऊन रोज खोळंबत, आणि केंद्रप्रमुख डॉ. इरावती टिपणीस त्यांच्याकडे बघत बसत.

खोळंबण्याचं कारण त्यांच्याच अकलेतून निघालं होतं. सरासरी वेगमापनाची पद्धत त्यांनीच बसवली होती. पहिल्या कमानीवरचा कॅमेरा गाडीची वेळ टिपायचा, दुसऱ्या कमानीवरचा पुन्हा टिपायचा. अंतर ठरलेलं, भागाकार केला की सरासरी वेग मिळाला. तो ऐंशीच्या वर गेला की दंड. मग आपली माणसं काय करणार? गाडी सुसाट हाणायची आणि दुसऱ्या कमानीअलीकडे थांबून वाचवलेली मिनिटं घालवायची. ती मिनिटं घरी नेण्याची सोय नव्हती.

पाहणी म्हणून बाई एकदा तिथे गेल्या आणि मग रोजच जाऊ लागल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी परदेशात आपल्या संसारात. घरी दार उघडायला कुणी नव्हतं. थांब्यावर मात्र दिगंबर रेडकर असत. चष्म्याच्या काचांचे व्यापारी, एकटेच, आणि बोलायला भलते तिरकस. गाडीच्या बॉनेटवर थर्मास ठेवून ते दोघांचा चहा ओतत आणि कॅमेरे बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. बाई निमूटपणे मान डोलावत. त्या स्वतः कधी ऐंशीच्या वर गेल्या नव्हत्या, पण रेडकरांना वाटे, याही आपल्यासारख्याच उधळलेल्या. अख्ख्या दिवसात बाईंचं मनापासून बोलणं व्हायचं ते तेवढंच.

मग थांब्याकडे भरधाव येणारी एक गाडी उलटली. चालवणारा वाचला, पण पुन्हा कधी चालू शकला नाही. केंद्रातले अभियंता सालढाणा यांनी सलग वेगमापनाची योजना पुढे केली. रस्त्यातच संवेदक पुरायचे, म्हणजे गाडीचा क्षणाक्षणाचा वेग कळेल. थांबून हिशेब जुळवता येणार नाही.

“मग सगळे ऐंशीनेच जातील,” सालढाणा म्हणाले. “सुरुवातीला दोन गाड्यांत जे अंतर असेल, तेच शेवटपर्यंत राहील. कुणी कुणाला गाठणारच नाही. टक्कर होईलच कशी?”

“आणि भेट?” बाईंनी विचारलं.

सालढाणांना प्रश्न कळलाच नाही. रेडकर रोज सव्वाशेने येत, हे बाईंना ठाऊक होतं. उलटलेल्या गाडीत तेही असू शकले असते. त्यांनी योजना मंजूर केली.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी रेडकरांना सगळं सांगून टाकलं: कॅमेरे आपलेच, आणि उद्यापासून इथे कुणाला थांबावं लागणार नाही. रेडकरांनी उरलेला चहा ओतून दिला, थर्मास बंद केला आणि ते निघून गेले.

थांबा ओस पडला. एकदोनदा बाई तिथे बसून आल्या. निमित्तावाचून थांबणं त्यांनाही अवघडच वाटलं. नव्या योजनेत गाडीतल्या पटलावर पुढच्यामागच्या गाड्यांचे क्रमांक आणि अंतर दिसू लागलं होतं. रेडकरांची गाडी रोज थोडी पुढे असे. त्यांनाही मागे बाईंचा क्रमांक दिसतच असणार. पण तेही ऐंशीने, बाईही ऐंशीने. अंतर तसूभर हलत नसे. आठवड्यांमागून आठवडे गेले. बाईंना फार एकटं वाटे. वेग वाढवला तर आपणच केलेला नियम मोडेल, म्हणून त्या मुकाट्याने जात राहिल्या.

एके संध्याकाळी पटलावरचं अंतर घटलेलं दिसलं. बाईंना आधी संवेदकाचाच संशय आला. त्यांनी आपला वेग पाहिला. ऐंशी. पुन्हा अंतर पाहिलं, ते आणखी कमी झालेलं. आपला वेग बदललेला नाही, म्हणजे बदल दुसऱ्या गाडीच्या वेगात आहे. तिसरी शक्यता नव्हती. हळू जाणाऱ्याला दंड करावा, हे केंद्रात कुणाला सुचलंच नव्हतं.

वळणापलीकडे डाव्या कडेने रेडकरांची गाडी रांगत चालली होती. तशाच ऐंशीने गेल्या असत्या तर बाई त्यांना मागे टाकून पुढे निघून गेल्या असत्या. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला.