माशीची घाण

हसायचं तर हसा. बाकीच्या गोष्टींत मी पदरचं घालते, मान्य. यात नाही.

आमच्या वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, संग्रहालयात जुनी चित्रं साफ करायच्या. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, मळ टिपायचा.

त्या दुपारी समोर होतं एका नावाजलेल्या चित्रकाराचं उमेदीतलं चित्र. शहराचा चौक. नुसते ठिपके! जवळून पाहिलं तर गोवर उठलेलं अंग. लांब गेलं की घरं, झाडं, दिव्याचा खांब.

खिडकीखाली खरा चौकही तोच.

वन्सं चष्मा घरी विसरल्या होत्या. त्यांचे यजमान, आमचे भावोजी, छत्री टेकत तो घेऊन आले.

"डोळे घरी ठेवून कामाला येतेस होय गं?"

"तुम्ही आहात ना आणून द्यायला! जा, खालून हात करा."

ते नेहमी दिव्याच्या खांबाखाली उभं राहून हात करायचे. त्या दिवशीही केला.

वन्संनी चष्मा लावला. आणि चित्रात, खांबाखाली... एक तपकिरी ठिपका.

मघाशी चष्म्याशिवाय दिसला नसेल. माशीची घाण, दुसरं काय? त्यांनी पुसला.

कापूस... बोटांना ऊन-ऊन लागला.

बाहेरचा गलका थांबला.

खिडकीतून पाहिलं. खांबाखाली भावोजींची छत्री पडलेली.

भावोजी नाहीत.

वन्सं जिन्याकडे धावल्या. भावोजी कुठे गेले विचारलं, तर पहारेकरी म्हणाला, "तुमच्याकडे? आज कुणीच आलं नाही, ताई."

"मग माझ्या नाकावर हे काय आहे?"



पुसलेला तो ठिपका आठवला, तशा वन्सं उलट पावली वर धावल्या. दुसऱ्याच्या चित्रावर आपला रंग लावायचा नाही, हा त्यांच्या कामातला पहिला नेम. त्यांनी तो मोडला. तपकिरी रंग कालवला. हुबेहूब जमेना. जमला तसा, त्याच जागी, टेकवला.

आणि खालून...

"अगं, किती वेळ हात हलवू?"

वन्सं धावत खाली गेल्या. तेच भावोजी, तेच हसू. मिठी मारायला जवळ गेल्या...

नाक, डोळे, मिशा, सगळ्यांचे सुटे ठिपके झाले. मधल्या फटींतून मागचा खांब दिसला.

त्या मागे सरकल्या. चेहरा पुन्हा जुळला.

अजून संसार चाललाय दोघांचा. खोलीच्या या टोकाला त्या, त्या टोकाला ते. वन्संनी मला हे रडत सांगितलं, तेव्हा मीच म्हटलं, थापा मारणं माझं काम, तुमचं नव्हे.

परवा भावोजी आमच्या फाटकाशी आले. "वहिनी, आत येऊ ना?"



"तिथेच थांबा हो," मी म्हटलं. "तिथून... छान दिसता."