बोडीपलीकडे ऐकू आलेलं गाणं

प्रतीक्षा भंडाऱ्याच्या कचेरीत शिरली तेव्हा खासगी गुप्तहेर तेजराम लांजेवार टेबलावर डोकं टेकून बसला होता. सोयरिकीआधीच्या चौकशा करून करून त्याला माणसांचाच वीट आला होता.

"आमच्या गायन पार्टीचा नवा साउंड मिक्सर जळला," ती म्हणाली. "आळ माझ्या भावावर, सुगतवर आला. आज संध्याकाळी बैठक आहे. त्याले पार्टीतून काढून राहिले. तो गेला तं मी बी गाणार नाही."

मिक्सर सुगतनेच निवडला होता, चालवायचाही तोच. लहानसा, उचलून कुठंही नेता येणारा, अॅम्प्लिफायर आतच असलेला. दोन स्पीकर बॉक्स जोडले की झालं. पार्टीप्रमुख दादाजींना मात्र जुना अॅम्प्लिफायर आणि भोंगेच हवे होते.

"मग दादाजींनीच जाळला. रागानं!" सहायक विनोदने निकाल देऊन टाकला.

तेजरामने सुस्कारा सोडला. विनोदचे निकाल नेहमी चौकशीच्या आधी लागत.

दुपारी तेजराम आणि विनोद पार्टीच्या गावी, आसगावला पोचले. कार्यक्रमाचा मंडप विहाराच्या आवारात होता; समोरच टेकचंदची चहाची टपरी होती.

"कार्यक्रम कसा झाला?" तेजरामने विचारलं.

"मंडपात बरा झाला असन. त्या दोन डब्यांत काय दम? इथं एक शब्द समजला नाही."

सुगत विहारातच भेटला. त्याचा चेहरा उतरलेला होता. "आदल्या दिवशी दिवसभर चालवून पाहिला, काही झालं नाही. कार्यक्रमात मधेच जेवाले बोलावलं. गाववाल्यायनं वाढलेलं ताट सोडून उठता येते का? परत येतो तं मशीनीतून धूर! दादाजीनं मागच्या साऱ्या तारा उपटून टाकल्या होत्या."

"दादाजी जेवले नाहीत?"

"पोट बरं नाही म्हणे. मशीनजवळ बसले, तिथूनच गायले."

विनोदने विजयी मुद्रेने पाहिलं. तेजरामने दुर्लक्ष केलं.

दादाजींचं घर गावाबाहेर, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पलीकडच्या काठावर. "मशीनच कमजोर आणली पोरानं," एवढं बोलून ते बैठकीला निघून गेले. त्यांची बायको बायजाबाई लकव्याने खाटेला खिळलेली होती.

"ह्यांचं गाणं इथूनच ऐकलं, बाबू," ती म्हणाली. "शब्द न् शब्द. पण अर्ध्यातच बंद पडलं."

परतताना तेजराम घरासमोरच पाण्याकाठी थांबला. पलीकडे विहाराच्या गच्चीवरचा जुना भोंगा थेट त्याच्याकडेच तोंड करून होता.

"चला," तो कंटाळून म्हणाला. "संपलं."

बैठकीत सगळे जमले होते. तेजराम उभा राहिला.

"टपरी मंडपासमोर, तिथं शब्द कळला नाही. बायजाबाई बोडीपलीकडे, त्यांनी सगळं ऐकलं. दोन बॉक्सचा आवाज तिथवर जाणार नाही. म्हणजे आणखी काहीतरी वाजत होतं, आणि ते त्यांच्याच दिशेला. गच्चीवरच्या भोंग्याचं तोंड तिकडेच आहे. दोन बॉक्सपुरत्या मशीनवर हा तिसरा बोजा पडला. ती तापली, जळली. सुगत जेवायला गेल्यावर मशीनजवळ एकच माणूस होता. धूर निघाल्यावर त्याने भोंग्याची तार ओळखू येऊ नये म्हणून सगळ्याच उपटल्या."

"मी म्हटलंच होतं, राग!" विनोद म्हणाला.

"राग असता तर भोंगा मंडपाकडे वळवला असता, सगळ्यांना ऐकवायला. हा एकाच खाटेकडे वळवला होता."

दादाजी उठले.

"मशीन मी जाळली. लग्नापासून बायकोनं माझं एक गाणं चुकवलं नाही. आता मंडपात येता येत नाही तिले. जळल्यावर मले भेव वाटलं, अन् पोराचं नाव पुढं केलं. लाज वाटते."

सुगत दादाजींसमोर येऊन उभा राहिला.

"गावात मान खाली घालून फिरलो मी, दादाजी. माह्या बहिणीनं बाहेरचा माणूस आणला, मी मशीन जाळली नाही हे सांगाले."

"हो रे."

"एकदा बोलले असते, तं अख्खी पार्टी काकूच्या अंगणात बसवली असती. मशीन लहान काहून घेतली होती मी?"



"मले हे सुचलंच नाही, पोरा," दादाजी म्हणाले.