शिंगाड्याची दोरी

चष्म्याच्या दुकानात एक उंच तरुण शिरला आणि काउंटरवर ठेवलेल्या लाकडी फळीवर वाकला. फळीवरून एक झाड अर्धवट सुटून लोंबत होतं. मागे चष्मेवाली उभी... नाक लाल, डोळे काठोकाठ.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"मी," ती म्हणाली. "तुमचा नंबर काय?"

आता या पोरीचा प्रताप ऐका. झाड तिच्या मावशीचं. स्टॅगहॉर्न फर्न, मातीशिवाय फळीला धरून वाढणारं. पानांना सांबराच्या शिंगांसारखे फाटे, म्हणून घरात त्याला शिंगाड्या म्हणायचे. ते काकांनी लावलेलं, आणि काका गेल्यापासून मावशी रोज सकाळी त्याच्याशी बोलायची. लेकीच्या बाळंतपणाला जाताना तिने घर आणि शिंगाड्या भाचीच्या हवाली केले. भाचीचा दिवस जायचा काचा पुसण्यात. पानांवर पांढरी धूळ दिसली, हात शिवशिवले, आणि तिने काचांच्या मऊ फडक्याने एकेक पान लख्ख करून टाकलं. बुडाशी चिकटलेली तपकिरी, वाळकी पानंही स्वच्छतेच्या भरात ओरबाडली. झालं! शिंगाड्याने मान टाकली. त्याला घरी एकटं ठेवायचा धीर होईना, म्हणून ती फळीसकट दुकानात घेऊन आली होती.

तरुण सार्वजनिक बागेच्या काचघरात कामाला होता. तिथल्या दमट हवेने त्याच्या चष्म्याचा स्क्रू गंजला होता, तेवढ्यासाठी तो आला होता. त्याने शांतपणे समजावलं की ती धूळ नव्हे, पानांची लव. तीच ओल धरून ठेवते. आणि वाळकी दिसतात ती पानं म्हणजे झाडाचे हात, त्यांनीच ते फळीला धरून असतं. ऐकता ऐकता चष्मेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जगेल?"

"गाभा हिरवा आहे. बांधून बघू आपण."

त्यातलं 'आपण' तिला दिवसभर पुरलं.

संध्याकाळी तो शेवाळ आणि नायलॉनची दोरी घेऊन मावशीच्या घरी हजर. तिने झाड फळीवर दाबून धरायचं, त्याने दोरीचे वेढे घ्यायचे. प्रत्येक वेढ्याला बोटाला बोट लागायचं... दोघंही एकदमच "सॉरी" म्हणायची आणि दोघंही झाडाकडे बघायची.

मग तो दर आठवड्याला यायला लागला. फळी बादलीत बुडवायची, शेवाळ भिजेपर्यंत बाजूला उभं राहून गप्पा मारायच्या. दोघांची मिळून बादलीवर नजर कशाला हवी, हे कुणीच विचारलं नाही. ती त्याच्या चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणून कानामागे हात घालून नीट करायची. दांडी ठणठणीत होती. तो तिला चिडवायचा की शिंगाड्या तुम्हाला बघून अंग चोरतो, आणि ती बादलीतलं पाणी त्याच्या अंगावर उडवायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंसुद्धा नाही.

एका सकाळी झाडाच्या बुडाशी हिरवी, गोल चकती दिसली. नवं ढालीसारखं पान! ती फोनवर इतकी भराभर बोलली, की तो काचघरातले चिखलाचे बूट तसेच घालून धावत आला. दोघं वेड्यासारखी हसत सुटली. पुढे ते पान पसरत गेलं आणि फळीला घट्ट बिलगलं.

आणि मावशीचा निरोप आला... उद्या सकाळी पोचते.

तो उजाडताच आला. दोरी काढायची की नाही, एवढाच प्रश्न होता. पण तो नुसताच भिंतीवर टांगलेल्या फळीच्या गाठी चाचपत राहिला.

"राहू दे अजून थोडे दिवस," तो म्हणाला.

"का? घट्ट धरलंय, तूच म्हणालास ना काल?"

"धरलंय गं. पण... दोरी निघाली, की माझं इथलं काम संपलं."

ती पेचात पडली. झाड पडलं तर मावशीला तोंड कसं दाखवायचं, आणि नाही पडलं तर हा उद्यापासून येणार नाही! तिने कात्री उचलली.

"हात धर खाली."

त्याने दोन्ही तळवे झाडाखाली धरले. तिने एक वेढा कापला, मग दुसरा, मग श्वास रोखून शेवटचा. दोरी गळून पडली. शिंगाड्या तसूभरही हलला नाही.

त्याचे तळवे मात्र तसेच पसरलेले. तिने त्यांवर आपला हात ठेवला.

"संपलं काम. आता बिनकामाचा येत जा," ती म्हणाली. "मला तू आवडतोस. कधीचं सांगायचं होतं, दर वेळी ती मेली बादली मध्ये यायची."

"मला वाटलं, मलाच..." तो एवढंच बोलू शकला. पण तिचा हात त्याने असा धरला, की उरलेलं तिला कळलं.

दारात बॅग आपटल्याचा आवाज झाला. मावशी! चष्मेवालीने एका दमात सगळं ओकून टाकलं... मावशी, मी पानं पुसली, बुडाची ओरबाडली, याने वाचवलं, रागावू नकोस.

मावशीने भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि त्या तरुणाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाली,

"बस बाळा. तुझ्या घरी कोण कोण असतं?"