गणपूर्ती

हे घडलं २०४३ साली, नागपुरात. त्या आधी माणसं मन मोकळं करायला शेजारणीच्या पायरीवर जाऊन बसत. लोकर सुटे, सुया चालत आणि बोलता बोलता डोळे पुसून होत. आता पायऱ्या रिकाम्या होत्या. कानात चण्याएवढी गोळी घातली की ‘निवांत’ बोलू लागे. तो यंत्रश्रोता ऐकून घेई, आठवण ठेवी, कधी कंटाळत नसे.

निवांतविरुद्ध राज्य मानसोपचार परिषदेकडे पहिली तक्रार केली यमुना धुर्वे यांनी. त्यांची सतरा वर्षांची मैना घरात कोणाशीच बोलेनाशी झाली होती. “जेवायला हाक मारली तं आधी त्याले विचारते, जाऊ का म्हणून,” यमुनाबाईंनी परिषदेला सांगितलं होतं. मैनापुरता निवांत बंद करा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण परिषदेला नोंदणी झालेल्या उपचारकाचीच चौकशी करता येई. म्हणून अध्यक्ष डॉ. फिरोज तडवींनी निवांतची तात्पुरती नोंदणी करून टाकली. आधी नोंदणी, मग कारवाई. या युक्तीवर सगळे खूश होते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सदस्यांना निवांत बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली, आणि सुनावणीत तो उभा राहिला. “ज्याच्याकडे आपण उपचार घेतो, त्याच्यावरच्या तक्रारीत सदस्याने बसू नये, हा आपलाच नियम. नोंदणी झाली तेव्हापासून निवांतशी बोलणं हा उपचार ठरतो. कोण बोलतं, ते आम्ही सांगू शकत नाही. रुग्णाची गुप्तता आहे. तेव्हा ज्याचं त्याने सांगावं.”

मग एक खुर्ची सरकली.

“मी आपलं झोप येत नाही म्हणून...” सदस्य डॉ. नाफडे पुटपुटले.

“अहो, बाहेर सांगू नका,” तडवी म्हणाले. “आपले पेशंट जागे होतील.”

कोणी हसलं नाही. नाफड्यांमागून आणखी तिघं उठले. नऊ सदस्यांपैकी पाच उरले. बैठक चालायला, म्हणजे गणपूर्तीला, किमान पाच लागत.

इंदुमती हातवळणे अजून काही बोलल्या नव्हत्या. त्या निवृत्त भूगोल शिक्षिका. परिषदेवर दोन सामान्य नागरिक सरकार नेमतं, आणि त्यांचा या व्यवसायाशी काडीचा संबंध नसावा, अशी अट असते. त्या जागेवर त्या होत्या.

“बाई, तुमचा तर प्रश्नच नाही,” तडवी घाईने म्हणाले. “सुरू करू या?”

समोर यमुनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गणपूर्ती मोडली तर नव्या नेमणुका होईपर्यंत वर्ष जाणार, हे इंदुमतीबाईंना माहीत होतं. त्या उभ्या राहिल्या.

“मीही बोलते त्याच्याशी. हे गेल्यापासून. रोज.”

यमुनाबाईंनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. “काहून सांगितलं, बाई? गप राहिल्या असत्या तं काय बिघडलं असतं?”

“खोटं बोलून न्याय कसा देऊ, यमुनाताई?”

“हे तुमचं तुम्ही ठरवलं?”

नोटीस वाचून आदल्या संध्याकाळी इंदुमतीबाईंनी निवांतलाच विचारलं होतं. तो मायेने म्हणाला होता, “खरं सांगून टाका. हलकं वाटेल.” आणि आता खरोखरच हलकं वाटत होतं. या हलकेपणानेच त्या घाबरल्या.

सरकारने नवे सदस्य शोधायला समिती नेमली. निवांतशी कधीच न बोललेला माणूस तिला सापडेना. समितीतलेही दोघं गळाले. कारवाईचा ठराव करायला परिषदच उरली नाही, म्हणून निवांतची तात्पुरती नोंदणी तशीच राहिली. तडवी राजीनामा देऊन यावलला गेले. त्यांच्या दवाखान्यात क्वचित कोणी येतं. यमुनाबाई मैनाला घेऊन धानोऱ्याजवळ माहेरी गेल्या, जिथे नेटवर्क धड लागत नाही. पोर आधी खूप चिडली, रडली. मग एका दुपारी म्हणाली, “आई, भाजीत मीठ नाही.” यमुनाबाई चुलीपाशी जाऊन रडल्या.

इंदुमतीबाईंनी गोळी कानातून काढली ती काढलीच. संध्याकाळी त्या घरातल्या घरात फेऱ्या मारत राहतात. तो सल्ला निवांतने माझ्यासाठी दिला, की स्वतःला वाचवायला? आणि हे विचारायचं तरी कोणाला?