मिळाले, बाई, धन्यवाद!

"आज पहिलं टेबल माझं!" तोंगतोंग बॅट उगारून ओरडला आणि शाळेमागच्या वाटेने सुसाट सुटला.

"काल पण तुझंच होतं!" शाओमान त्याच्या मागे धावली. तिच्या मागे रुईलिन, हातात चेंडूंचा डबा आणि तोंडात कलिंगडाची फोड!

पण पिंगपाँगच्या शेडपाशी तोंगतोंग असा गचकन थांबला की दोघी त्याच्या पाठीवर आदळल्या.

शेडच्या भिंतीवर लाल रंगाने भले मोठे वर्तुळ काढले होते. आत एकच शब्द लिहिला होता: 'पाडा'.

"आपली शेड?" शाओमान भिंतीपाशी धावली.

बाजूला एक गवंडी जमीन मोजत होता. "सोमवारी काम सुरू. इथं गाड्या लावायची जागा होणार," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"तुमच्याच आईबापांनी! झाडून सगळ्यांची संमती आहे."

ल्यूशी गावात उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरे होते काय? नदीवर जायला बंदी, आणि घरी मोठ्यांच्या कटकटी. शेडमधली सिमेंटची चार टेबले, जाळीच्या जागी विटांची रांग लावलेली, हीच मुलांची सुट्टी. आणि शाओमानसाठी तर त्याहून जास्त. तिचे आईबाबा लांब दक्षिणेत कारखान्यात कामाला होते. नववर्षाला गावी आले की बाबा तिच्याशी पिंगपाँगचा एक डाव खेळत, ते लहानपणी जिथे खेळले त्याच टेबलावर. दरवर्षी ती हरायची. यंदा त्यांना हरवायचेच म्हणून तिने घाम गाळला होता. आता टेबलच राहणार नव्हते!

"चला, संमती देणाऱ्यांना गाठू," ती म्हणाली.

पहिली गाठ तोंगतोंगच्या आईची. ती तिच्या नूडल्सच्या गाडीवर रश्श्याच्या वाफेत उभी होती.

"मी? मी कशाला संमती देऊ?" ती कडाडली. "शेड गेली तर तू दिवसभर माझ्याच डोक्यावर मिरे वाटशील!"

रुईलिनच्या बाबांचे औषधाचे दुकान पलीकडेच होते. तेही म्हणाले, "छे! मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

"कोणीच हो म्हटलं नाही, मग सगळ्यांची संमती आली कुठून?" रुईलिन डोके खाजवू लागली.

"भूत!" तोंगतोंग म्हणाला.

"भुताला कशाला हवी गाडी लावायला जागा?"

तेवढ्यात तोंगतोंगच्या आईचा फोन किणकिणला. तिने एका हाताने नूडल्स उपसल्या, दुसऱ्या हाताचा अंगठा काचेवर टेकवला आणि फोन पुन्हा फळीवर ठेवला.

"आई, काय आलं होतं?"

"काय की! शाळेचं काहीतरी. 'मिळाले, बाई, धन्यवाद' लिहून टाकलं. उशीर झाला की ग्रुपवर नावं वाचतात, चारचौघांत शोभा होते."

"वाचलं नाहीस?"

"वाचत बसले तर नूडल्स कोण शिजवणार? तुझा आजा?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. पुढच्याच क्षणी तोंगतोंगने फोन पळवला आणि तिघे गाडीखाली घुसले!

पालकांच्या ग्रुपवर मागे मागे जाता जाता उपमुख्याध्यापक न्ये सरांचा गेल्या आठवड्यातला संदेश सापडला. संदेश कसला, मारुतीचे शेपूटच ते! नदीत पोहू नका, उन्हात फिरू नका, डासांपासून जपा, उकळलेले पाणी प्या... आणि अगदी तळाशी: 'शेड पाडून वाहनतळ करण्यात येईल. "मिळाले" असे लिहिणाऱ्यांची संमती धरली जाईल.'

त्याखाली 'मिळाले, मिळाले' आणि गुलाबाच्या फुलांच्या चित्रांची रांगच्या रांग. उचलला अंगठा, लावला काचेला! सर्वांत शेवटी नाव होते शाओमानच्या आजोबांचे.

"तुझे आजोबा? ते तर भिंग लावून एकेक अक्षर वाचतात ना?" रुईलिन म्हणाली.

शाओमानचे कान लालबुंद झाले. "ते मी लिहिलंय," ती पुटपुटली. "उत्तर न देणाऱ्यांत नेहमी त्यांचंच नाव असतं. मला लाज वाटायची. ते मच्छरांपर्यंतच पोचले होते, तेवढ्यात मी फोन घेतला आणि..."

म्हणजे शेड पाडायला तिचाही अंगठा लागला होता! तिला रडूच कोसळले.

"रडतेस काय! अजून पाडलेली नाही. चल, फेंग बाईंकडे!" तोंगतोंग म्हणाला.

वर्गशिक्षिका फेंग बाईंनी सगळे ऐकून कपाळाला हात लावला. "मी सरांना दोनदा म्हटलं. ते म्हणतात, सगळे पालक राजी आहेत, तुम्ही मध्ये पडू नका."

"बाई, तुम्ही फक्त एक संदेश टाका," शाओमान डोळे पुसत म्हणाली. "सरांच्यासारखाच. लांबलचक!"

चौघांनी मिळून संदेश रचला. नदी, ऊन, डास, उकळलेले पाणी, सगळे आले. तळाशी मात्र होते: 'सुट्टीतला दोरीउड्यांचा अभ्यास उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर पालक स्वतः करतील. "मिळाले" असे लिहिणाऱ्यांची संमती धरली जाईल.'

बाईंनी संदेश पाठवला मात्र, धडाधड उत्तरे! 'मिळाले, बाई! किती कष्ट घेता!' गुलाबांचा तर सडाच पडला.

आणि मध्येच आजोबांचा संदेश आला: 'गुडघेदुखीवाल्यांना उड्यांतून सूट आहे का?'

"मेलो! आता सगळे वाचणार!" तोंगतोंग किंचाळला.

पण कसचे काय! आजोबांच्या प्रश्नावर आणखी गुलाब येऊन पडले आणि तो दिसेनासा झाला. शेवटी खुद्द न्ये सरांचेही उत्तर आले: 'मिळाले. अतिशय स्तुत्य उपक्रम!'

चौघे हसून हसून गडाबडा लोळायचे तेवढे बाकी राहिले.

सकाळी सात वाजता बाईंनी मैदानावरच्या दोऱ्यांचा फोटो टाकला: 'संमती दिलेल्या पालकांची वाट पाहत आहोत.' गावभर एकच हलकल्लोळ उडाला. 'कसल्या दोऱ्या?' ग्रुप निघाल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांनी मागे जाऊन संदेश वाचला! पण आपण एकटेच गेलो नाही तर? सगळे नाक मुठीत धरून हजर झाले. तोंगतोंगची आई एप्रन बांधूनच आली. 'मिळाले' लिहून बसलेले न्ये सरही छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन आले. आजोबा मात्र खुर्ची घेऊन आले, कारण त्यांना कोणी उत्तरच दिले नव्हते.

"एक, दोन, सुरू!" बाईंनी शिटी वाजवली.

काय ती धमाल! रुईलिनचे बाबा दोरीत पाय अडकून बसले. न्ये सरांचा चष्मा नाकावरून उडाला. चौथ्या उडीला ते धापा टाकत ओरडले, "थांबा! मी... न वाचता लिहिलं होतं! न वाचता दिलेली संमती... ही काय संमती झाली?"

शाओमान पुढे झाली.

"सर, मग शेडची संमती कोणी वाचून दिली होती?"

सर चष्मा शोधायला खाली वाकले.

"खरंच की!" तोंगतोंगची आई कमरेवर हात ठेवून गरजली. "गाड्यांची जागा म्हणे! माझ्याकडे एकच गाडी, आणि ती नूडल्सची!"

"पण सगळं नियमाप्रमाणे झालंय..." सर म्हणाले.

"मग नियमाप्रमाणे उड्या मारा, सर!" कोणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

न्ये सरांनी दोरीकडे पाहिले, शेडकडे पाहिले, आणि मुकाट्याने गवंड्याला फोन लावला. "सोमवारी येऊ नका. हो, हो, काम रद्द!"

"शाबास, पोरांनो!" रुईलिनचे बाबा जमिनीवरूनच म्हणाले. "तुम्ही आमचे डोळे उघडलेत!"

"आणि माझेही," न्ये सर चष्मा शोधत पुटपुटले. "पुढचा संदेश चारच ओळींचा लिहीन."

या सगळ्या गोंधळात शाओमान आजोबांच्या खुर्चीपाशी गेली. "आजोबा, तुमच्या नावाचं ते 'मिळाले' मी लिहिलं होतं. चुकले मी."

"ठाऊक आहे मला," आजोबा म्हणाले. "मी कधी इतक्या लवकर उत्तर देतो होय? बरं, आता मी काढलेला हा उड्यांचा व्हिडिओ तुझ्या बापाला कसा पाठवायचा ते दाखव. हळूहळू दाखव."

तिने दाखवले, अगदी हळूहळू. दुपारी कारखान्यातून बाबांचे उत्तर आले: 'सरांच्या उड्या बघून पोट दुखलं! नववर्षाला बॅट घेऊन येतोय. हरायची तयारी ठेव.'

शाओमानचा अंगठा सवयीने 'मिळाले' लिहून बसला. तिने ते पुसले. बाबांचा संदेश पुन्हा एकदा, अक्षर न् अक्षर वाचला. मग लिहिले, 'वाचलं. तयारी तुम्हीच ठेवा!' आणि बॅट उचलून ती शेडकडे धावली.