आधी तुम्ही

झेरॉक्सच्या मशीनमध्ये आभाच्या बाबांचं खरेदीखत अर्धं आत, अर्धं बाहेर असं अडकलं आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली. दोन हजार सहा साली पांढरकवड्यात लाइट जायला काही निमित्त लागत नसे म्हणा! बाहेर भादव्याचा पाऊस टिनावर धडाधडा कोसळत होता. दुकानदार "चहा सांगून येतो" म्हणून गेला तो गेलाच.

"ओढू नका हं, फाटंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"ओढून नाही राह्यली. धरून राह्यली," आभा मागे न बघताच फणकारली.

तो पुढे आला. चष्म्यावर पावसाचे थेंब, केस चिंब, काखेत प्लास्टिकच्या पिशवीतले कागद. त्यानं मशीनचं झाकण उचललं आणि झोपलेल्या मुलाच्या हातून खेळणं काढून घ्यावं तसा तो कागद अलगद सोडवला. इथवर सगळं छान होतं. पण देता देता त्यानं तो वाचला! लोकांचे कागद वाचू नयेत, एवढी साधी रीत नसावी का माणसाला?

"प्लॉट नंबर पंधरा?" तो म्हणाला. "हा तर माझा प्लॉट आहे."

"काय?"

"जिनिंग कॉलनीतला पंधरा. माझ्या बाबांनी घर बांधलं तिथं. मागच्या आठवड्यात राह्यला आलो मी."

"मिस्टर, पंधरा नंबर आमचा आहे. त्या घरात जन्मले मी."

"कोणतं घर तुमचं?"

"हापशीजवळचं."

त्यानं पिशवीतून कॉलनीचा नकाशा काढून काउंटरवर पसरला. दोघांची डोकी त्या अंधुक उजेडात नकाशावर वाकली. हापशी होती चौदा नंबरला लागून. मग त्यानं स्वतःचं खरेदीखत काढलं. त्याच्या वडिलांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं – चौदा.

"म्हणजे..." आभाचा आवाज उतरला.

"म्हणजे कागदोपत्री तुम्ही माझ्या घरात राहून राह्यल्या," तो म्हणाला. चष्म्याआडचे डोळे हसत होते. "आणि मी तुमच्या."

आभाला खरं तर चिडायचं होतं. पण त्या डोळ्यांकडे बघितलं आणि चिडायचं राहूनच गेलं.

तो क्षितिज. शेजारच्या घरात इतकी वर्षं भाडेकरू असत. घरमालक मुलाला घेऊन आदिलाबादकडच्या जिनिंगवर गेलेले, एवढंच तिला माहीत होतं. उन्हाळ्यात ते वारले. मुलाची आई तर त्याच्या लहानपणीच गेलेली. मुलगा आता इथल्याच एका जिनिंगवर सुपरवायझर म्हणून परत आला होता आणि घरावर स्वतःचं नाव चढवायला निघाला होता.

आभा मात्र निघाली होती घर विकायला. बाबांना, म्हणजे सदाशिवरावांना जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊ अनिमेष पुण्याला, वहिनीला दिवस गेलेले, आणि आईचा, कुंदाताईंचा, जीव तिकडे लागलेला. "आता इथं काय आहे बाई?" हे आईचं रोजचं पालुपद. खोटं तरी कसं म्हणावं? कापसाला भाव नाही म्हटल्यावर गावातल्या कुठल्याच गोष्टीला भाव राहिला नव्हता. कापडाची दुकानं ओस, सोनार माश्या मारत बसलेले, आभाच्या शिकवणीतली पोरं गळत चाललेली. अशा दिवसांत घराला गिऱ्हाईक मिळालं हेच नशीब. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाला लालसिंग. मनानं मोठा, कागदाला पक्का. "ताई, घर मले पसंत हाय," तो म्हणाला होता. "पण कागद साफ पायजेत. मूळ खरेदीखत, आखीव पत्रिका, टॅक्सची पावती, लाइटचं बिल, वारसाचा फेरफार, बोजा नसल्याचा दाखला. एकही कमी नाही चालणार."

आणि आता तर प्लॉटच दुसऱ्याचा निघाला!

घरी येऊन सांगितलं तेव्हा आधी आई घाबरली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"अगं, तुझे बाबा आणि क्षितिजचे बाबा दोघं एकाच दिवशी गेले होते रजिस्ट्रीला! लिहिणारा विचारे, पहिलं नाव कुणाचं घेऊ? तर तुझे बाबा म्हणत, आधी तुम्ही. ते म्हणत, छे छे, आधी तुम्ही. तास गेला त्यात. शेवटी तो लिहिणारा वैतागला आणि त्यानं मनानंच टाकलं काहीतरी. दोघंही असे भिडस्त, की वाचूनसुद्धा पाह्यलं नसंल. वाचलं तर त्याला वाईट वाटंल म्हणून!"

वकिलांनी उपाय सांगितला. चूकदुरुस्तीचा लेख करायचा, दोन्ही घरच्यांनी सह्या करायच्या. पण त्याआधी दोन्ही घरांचे वारस फेरफार हवेत, दोन्ही आखीव पत्रिका हव्यात. क्षितिजची सही झाली की आभाचं घर विकायला मोकळं. म्हणजे आभाही जायला मोकळी.

मग सुरू झाल्या दोघांच्या चकरा. आज नगरपरिषद, उद्या भूमी अभिलेख. रांगेत तो मागे, ती पुढे. कचेरीच्या पायरीवर कट चहा. 'तुम्ही'चं 'तू' कोणत्या रांगेत झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"तुझा फेरफार झाला का रे?"

"साहेब नाहीत. उद्या या म्हणाले."

"अरे वा!" आभाच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं जीभ चावली. कचेरीतलं 'उद्या या' ऐकून खूश होणारी पांढरकवड्यातली ती पहिलीच मुलगी असावी.

दोन घरांच्या मधल्या भिंतीवर सीताफळाचं झाड झुकलेलं होतं. पिकलेली सीताफळं क्षितिज भिंतीवर ओळीनं मांडून ठेवी. मग आभाही त्यांच्या जागी भरलेली वाटी ठेवी. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी आईच्या हातचे मुगाचे वडे. वाटी घेता-देताना बोटांना बोटं लागत, आणि मग दोघंही त्या झाडाकडे असं निरखून बघत की जणू झाडालाच काही झालंय.

"हे झाड कुणाचं गं? तुझं की माझं?"

"कागदावरचं सांगू की खरं?"

"दोन्हीकडून तुझंच ठेव," तो म्हणाला आणि लगबगीनं आत निघून गेला.

एकेक कागद हाती येत होता. दाखले जोडलेली ती पिशवी फुगत चालली तसा पुण्याचा रस्ता जवळ येत होता. तो एकदा, फक्त एकदा 'नको जाऊ' म्हणाला असता तर! पण हा गडी जगातलं सगळं बोलायचा. सरकीवर बोलायचा, रुईवर बोलायचा, आदिलाबादच्या मिरच्यांवर बोलायचा, नेमकं तेवढं सोडून.

दिवाळी सरली. एका संध्याकाळी तो भिंतीपाशी आला. लोडशेडिंग होतं. घराघरांत कंदील लागत होते.

"सोमवारची तारीख मिळाली. दुरुस्तीची."

"बरं झालं."

"मग तू... पुण्याला?"

"आई जाऊन राह्यली म्हटल्यावर मी इथं कोणासाठी राहू?"

हा प्रश्न तिनं त्याच्याकडे बघत विचारला होता. सरळ डोळ्यांत बघत. यापेक्षा जास्त एखाद्या मुलीनं काय करायचं?

"आभा..."

"काय?"

"काही नाही. तू काही म्हणत होतीस ना? तू बोल आधी."

"मी कुठं? तूच बोलत होतास."

"नाही, तू बोल..."

तेवढ्यात लाइट आली. साऱ्या कॉलनीत पोरांचा एकच कल्ला उठला. तो दचकला, "येतो" म्हणाला आणि गेलासुद्धा. आभा तिथंच सीताफळाच्या फांदीला धरून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि कशाचा जास्त तेच कळत नव्हतं. आत येऊन तिनं कणकेवर असा काही राग काढला की आईनं परात हातातून ओढून घेतली.

सोमवारी रजिस्ट्री ऑफिसात गर्दी होती. अनिमेषचं मुखत्यारपत्र आलेलं होतं. आई खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. ओळख द्यायला हायवेवरच्या गॅरेजवाल्या जमीरभाईंना आणलं होतं, दुसरा ओळखदार लालसिंग.

"या दोघांना ओळखता?" साहेबांनी विचारलं.

"दोघांनाही चांगला ओळखतो साहेब," जमीरभाई म्हणाले. "हे दोघं एकमेकांना ओळखतात का, ते मात्र मले नाही सांगता येणार."

फोटो काढणारा मुलगा क्षितिजवर खेकसला, "भाऊ, कॅमेरा इकडं हाय. तिकडं ताई हाय."

साहेबांनी चष्मा नाकावर सरकवला. "मजकूर वाचला? चूक झाली होती हे कबूल आहे?"

"कबूल आहे," आभा म्हणाली.

"तुम्हाला?"

क्षितिज कागदाकडे बघत राहिला. "...कबूल."

"करा मग सही. आधी कोण?"

"आधी तू," क्षितिज म्हणाला.

"नाही, आधी तू."

"अगं, तू कर ना."

"अरे बाप्पा!" कारकून ओरडला. "मागं पब्लिक उभी हाय!"

"ओरडू नका भाऊ," जमीरभाई हसत म्हणाले. "यांच्या बापांनी असंच केलं, म्हणून तर आज यायला लागलं."

सगळे हसले. आभा हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढे आले बाबा, याच कचेरीत 'आधी तुम्ही' म्हणत उभे. एका भिडेपायी दोन घरं नुसत्या चुकीच्या कागदावर उभी राहिली. आता आपणही तेच करून राह्यलो? दुरुस्तीचा लेख तरी आहे या कागदाला. आपल्याला कोणता असणार?

तिनं पेन उचललं आणि सही ठोकली. मग पेन क्षितिजपुढे धरलं. त्यानं ते पकडलं, पण तिनं सोडलंच नाही.

"सही मी आधी केली," ती म्हणाली. "मनातलंही मीच आधी सांगते. मले नाही जायचं पुण्याला. मले तुझ्याजवळ राह्यचं आहे. आता तू सांग, जाऊ की राहू?"

कारकुनाचा शिक्का हवेतच थांबला. आईनं चटकन खिडकीबाहेर बघायला घेतलं.

"आभा, इथं काय आहे गं?" क्षितिज म्हणाला. "जिनिंग एक दिवस चालते, दोन दिवस बंद. उद्या कुलूप लागलं तर? रोज रात्री म्हणतो, उद्या सांगू. सकाळी वाटतं, मी कोणत्या तोंडानं तुले थांब म्हणू?"

"जे आहे त्याच तोंडानं म्हण. मले दुसरं नको आहे."

त्यानं तिच्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुसला, उलटा लावला, पुन्हा सरळ लावला.

"राहा," तो म्हणाला. "नको जाऊ. पहिल्या दिवसापासून म्हणायचं होतं मले. माझ्या घरी राहा."

तिनं पेन सोडलं. "कोणत्या नंबरच्या?"

"आता सही केली की... पंधरा."

"पंधरा!" खिडकीबाहेर बघणारी आई गर्रकन वळली. "अगोबाई! मग तुझ्या बाबांचा कागद बरोबरच होता की गं!"

"बाप्पा हो, सही करा आधी," साहेब म्हणाले. पण तेही हसत होते.

माघात लग्न झालं. लालसिंगनं आईचं सामान पुण्याला न्यायला आपला ट्रक दिला. आभाच्या सामानाला ट्रकची गरजच पडली नाही. तिची पेटी लालसिंग आणि जमीरभाईंनी सीताफळाखालून, भिंतीवरूनच पलीकडे दिली.

पंधरा नंबरच्या उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं होतं. क्षितिज दारात थांबला, बाजूला सरकला.

"आधी तू," तो म्हणाला.

या वेळी आभानं वाद घातला नाही. माप ओलांडून ती आत गेली.